बागेतला माळी कोण?
ख्रिस्ती दृष्टांतांतील बाग आणि सावतोबांचा मळा



शेतीचा दृष्टांत दिल्याशिवाय आपले निरूपण पुरे होत नाही. पेरणी, खुरपणी, मोट, पाट, राखण, मळणी, रास हे शब्द आपल्या संतांच्या वाणीत इतके भिनले आहेत की ते काढून टाकले तर निम्मी गाथा उघडी पडेल. ऐकणारा शेतकरी आणि सांगणाराही बहुधा शेतकऱ्याच्याच पोटचा, म्हणून तो दृष्टांत लगेच जिव्हारी लागतो. पण हे धन एकट्या आपल्याच घरी आहे असे समजू नये. ख्रिस्ती धर्मग्रंथातही बाग आहे, द्राक्षमळा आहे, अंजीर आहे, पेरणारा आहे आणि माळीही आहे. ख्रिस्ती भाविक आपल्या परसातल्या वाफ्याजवळ बसून त्यातून काय बोध घेतो, हा प्रश्न आपल्याला परका वाटेल. तरी याच मराठी मातीत चारशे वर्षे ख्रिस्ती माणसे ओवी आणि अभंग रचत आली आहेत, वाड्या शिंपत आली आहेत. त्यांच्या बागेत एक फेरी मारावी, चांगले झाड दिसले तर चांगले म्हणावे, वाकडे दिसले तर वाकडे म्हणावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फेरीला निघण्याआधी जुन्या गुरुजनांनी घालून दिलेला एक नियम सांगतो. दृष्टांत एकदेशी असतो. मुख चंद्रासारखे म्हटले तर चंद्राचा आल्हाद घ्यायचा, डाग घ्यायचा नाही. दृष्टांताचा कोणता अंश सिद्धांताला लागतो आणि कोणता सोडून द्यायचा, हे ज्याला कळते तोच सांगणारा. हे न कळणारा दृष्टांताने जोडतो कमी आणि दुखावतो जास्त. हीच फूटपट्टी मी ख्रिस्ती बागेला लावणार आहे, आणि आपल्या मळ्यालाही.

पहिली बाग

बायबलच्या आरंभीच बाग आहे. देवाने एदेन येथे बाग लावली आणि तिची मशागत करायला, तिची राखण करायला माणसाला तिथे ठेवले. कथा पुढे कशी जाते ते बहुतेकांना ठाऊक आहे. वर्जिलेले फळ खाल्ले, माणूस बाहेर घातला गेला, जमिनीला काटेकुसळे आली आणि भाकरी घामाची झाली. सांगणारे बहुतेक त्या फळावरच थांबतात. पण नीट वाचणाऱ्याने क्रम पाहावा. मशागतीचे काम आधी दिलेले आहे, चूक नंतर घडली आहे. म्हणजे काम ही शिक्षा नव्हे. माणसाला जन्मासोबत मिळालेला तो मान आहे. शिक्षा म्हणून आले ते काटे आणि आटापिटा.

हा बोध आपल्या कानाला ओळखीचा आहे. अरणच्या सावतोबांनी दुसरे काय सांगितले? माढे तालुक्यातल्या अरण गावचा हा माळी शके १२१७ मध्ये, म्हणजे इ.स. १२९५ साली समाधिस्थ झाला. मळ्याचे काम सोडून पंढरीला धावण्यापेक्षा मळ्याचे कामच त्याने पूजा केले. त्याचे अभंग काशिबा गुरवांनी लिहून ठेवले म्हणून आपल्यापर्यंत आले. काम म्हणजे देवापासून दूर नेणारा व्याप नव्हे, ही गोष्ट दोन्ही बागांत सारखीच आहे. इथवर ख्रिस्ती भाविक आणि वारकरी एकाच बांधावर बसू शकतात.

ओवीतली बाग आणि तिच्याखालची जमीन

ही कथा मराठीत प्रथम मोठ्या प्रमाणावर आणली फादर थॉमस स्टीफन्स यांनी. हे इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आले आणि साष्टी प्रांतात राहिले. तिथे आपली भाषा शिकून त्यांनी ख्रिस्तपुराण रचले, ते १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ आहे. नाथमहाराजांनी देह ठेवून तेव्हा पुरी वीस वर्षेही झाली नव्हती, हे लक्षात ठेवले म्हणजे ग्रंथाचा काळ कळतो. स्टीफन्स यांनी मराठीची जी स्तुती केली आहे तीत फुले आहेत, सुगंध आहेत, पक्षी आहेत. ती स्तुती आज शाळेच्या पुस्तकांतूनही येते. परदेशातून आलेल्या माणसाच्या जिभेला आपल्या भाषेचा मोगरा लागला, याचा आनंद कोणाला होणार नाही?

आनंद घ्यावा, पण जमीनही पाहावी. ज्या साष्टीत ही ओवी फुलली तिथली देवळे १५६० च्या दशकात पाडली गेली होती. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांच्या कानावर पूर्वी पडत होती ती पुराणे बंद झाली होती. ती पोकळी भरून काढायला हे पुराण हवे होते. बागाईत करायची म्हणून उभी झाडे तोडायची आणि मग त्याच जागी मोगरा लावायचा, हा प्रकार आहे. मोगऱ्याचा वास खोटा नाही. पण ज्याची झाडे तोडली गेली त्याच्या नातवाने तो वास घेताना क्षणभर थबकावे, हेही खोटे नाही. स्टीफन्स यांची भाषाभक्ती आणि त्यांच्याभोवतीच्या राज्यसत्तेची दांडगाई या दोन्ही गोष्टी एका वेळी मनात ठेवता आल्या पाहिजेत. एक धरून दुसरी सोडणारा वाचक अर्धाच ग्रंथ वाचतो.

पेरणारा

आता दृष्टांतांकडे वळू. येशूने सांगितलेल्या दृष्टांतांत पेरणाऱ्याचा दृष्टांत फार प्रसिद्ध आहे. बी वाटेवर पडले ते पाखरांनी खाल्ले. खडकाळीत पडले ते उगवून करपले. काट्यांत पडले ते दबून गेले. चांगल्या जमिनीत पडले त्याला तीसपट, साठपट, शंभरपट पीक आले. बी म्हणजे वचन आणि जमीन म्हणजे ऐकणाऱ्याचे मन.

कीर्तनकाराला हा दृष्टांत फार सोयीचा आहे, आणि म्हणूनच तो जपून वापरावा. ऐकणाऱ्यात पालट झाला नाही की दोष जमिनीचा, पेरणारा मोकळा! आमच्या जिंतूर भागात एका अंगाला डोंगर आणि मुरमाड माळ, दुसऱ्या अंगाला काळी जमीन. मुरमाडवाल्याला विचारा. त्याच्या आज्याने दगड वेचले, बापाने बांध घातला, त्याने स्वतः तळ्यातला गाळ आणून टाकला, तेव्हा कुठे तिथे तूर उभी राहिली. जमीन जशी मिळते तशीच राहते असे नाही. पेरणाऱ्याच्या दृष्टांतात हा अंश नाही. तो पाहायचा तर पुढे सांगणार आहे तो अंजिराचा दृष्टांत शेजारी ठेवावा लागतो.

दुसरी गोष्ट पावसाची. या दृष्टांतात पावसाचे नावच नाही. चारही जमिनींवर तो सारखा पडला असे धरूनच कथा चालते. येशूने दुसरीकडे सांगितलेही आहे की देव नीतिमानावर आणि अनीतिमानावर सारखाच पाऊस पाडतो. पण आमच्याकडे मृगात पेरावे, पावसाने दडी मारावी, उगवलेले कोवळे मान टाकावे आणि उसने बी आणून दुबार पेरावे, असे कितीदा घडते! तिथे जमीन चांगली, बी चांगले, हात चांगला, आणि पीक मात्र नाही. त्या शेतकऱ्याला हा दृष्टांत लावून 'तुझ्या मनाची भुई खडकाळ म्हणून फळ नाही' असे कोणी सांगितले तर तो दृष्टांताचा दोष नव्हे, सांगणाऱ्याचा आहे. शेतातले अपयश हे भक्तीचे माप नव्हे. हे ख्रिस्ती उपदेशकाने लक्षात ठेवावे आणि आपल्या फडावरच्या महाराजांनीही.

याच पेरणीचा आणखी एक छोटा दृष्टांत मार्काच्या शुभवर्तमानात आहे. तो कमी सांगितला जातो, पण मला जास्त आवडतो. माणूस बी पेरतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी उगवते, वाढते, पण कसे ते त्याला कळत नाही. आधी पाते, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. पेरणाऱ्याचा हात लागला खरा, पण वाढ त्याची नाही. आपण ज्याला कृपा म्हणतो तिचे इतके साधे वर्णन क्वचितच सापडेल. साधनेला बसलेल्या घाईच्या माणसाने रोज बी उकरून पाहू नये, एवढा बोध यातून कोणीही घ्यावा.

निदण

एका शेतात गहू पेरला. रात्री वैऱ्याने येऊन त्यात निदण पेरले. चाकर म्हणाले, उपटून टाकतो. धनी म्हणाला, नको, निदण उपटताना गहूही उपटेल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या.

आमच्याकडची खुरपणारी बाई हे ऐकून हसेल. तण वेळेवर काढले नाही तर पीक हाती लागत नाही, हे तिला आम्ही शिकवायला नको. पण हे तण साधे नव्हे. पॅलेस्टाइनच्या बाजूला गव्हात उगवणारे हे गवत कोवळेपणी हुबेहूब गव्हासारखे दिसते. ओंबी आल्यावरच फरक कळतो, आणि तोवर मुळ्या एकमेकांत गुंतलेल्या असतात. म्हणून धन्याचे म्हणणे शेतीच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

याचा बोध कोणत्या अंशात घ्यायचा? दुसऱ्या माणसाच्या बाबतीत घ्यायचा, स्वतःच्या मनाच्या बाबतीत नाही. स्वतःच्या मनातले तण रोज खुरपावे. त्याला कापणीपर्यंत मुभा दिली तर रास करायला काही उरणार नाही. पण दिंडीत चालणाऱ्यांत खरा वारकरी कोण आणि हौशी कोण, कोणाची माळ मनापासून आणि कोणाची मिरवायला, याची निवड करायला विणेकऱ्याने बसू नये. पहिल्या वर्षी मौजेसाठी आलेला पोरगा दहाव्या वर्षी पखवाज घेऊन पुढे चालताना आपण पाहतोच की. कोवळेपणी कोणाला ओळखणार?

छाटणी

आता सर्वांत अवघड जागा. योहानाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो, पित्याला माळी म्हणतो आणि शिष्यांना फाटे. जो फाटा फळ देत नाही तो माळी काढून टाकतो, जो देतो त्याला आणखी फळ यावे म्हणून छाटून साफ करतो.

द्राक्षबागाईत आपल्या नाशिक-सोलापूरकडे घरोघर आहे. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, अशी वेलीला वर्षातून दोनदा कात्री लागते. छाटल्यावर वेल उघडी-बोडकी दिसते, काही दिवसांनी डोळे फुटतात. ज्याने बाग केली त्याला हा दृष्टांत कळायला भाष्य नको.

पण याचाच सर्वांत वाईट उपयोग होतो. कोणाचे लेकरू जाते, कोणाचा कर्ता माणूस जातो, आणि उपदेशक सांगतो, देव तुमची छाटणी करतो आहे, त्याचे तुमच्यावर प्रेम आहे म्हणूनच कात्री लागली. ख्रिस्ती पुस्तकांतून हे मी वाचले आहे. आपल्याकडे कात्रीऐवजी प्रारब्ध हा शब्द येतो, बाकी बोलणे तेच. आमच्या मराठवाड्यात कर्जाने आणि नापिकीने जीव दिलेल्या शेतकऱ्याच्या तेराव्याला कीर्तन ठेवतात. अशा एका मांडवात, समोर पांढऱ्या कपाळाची पंचविशीतली बाई आणि तिच्या मांडीवर पोर असताना, माझ्याआधी बोलायला उठलेल्या एका वक्त्याने प्रारब्धभोगाचे निरूपण केले. ती बाई काही बोलली नाही. तिची सासू उठून मागच्या दाराने गेली. मी त्या दिवशी सिद्धांत बाजूला ठेवला आणि नुसते नाम घेतले. बसलेल्या गावकऱ्यांना एवढेच सांगितले की या घरची पेरणी यंदा गावाने करून द्यायची आहे. गावाने ती केलीही.

दृष्टांताचा न्याय लावून पाहा. त्यात छाटणारा कोण? पिता. उपदेशकाच्या हातात कात्री कोणी दिली? ती कथेत नाहीच. शिवाय हे बोल येशूने कोणाला सांगितले? स्वतःच्या मरणाच्या आदल्या रात्री, आपल्याजवळ बसलेल्या शिष्यांना. सांगणारा स्वतः कात्रीखाली जाणार होता. ज्याने स्वतः सोसले नाही त्याने दुसऱ्याच्या जखमेला छाटणी म्हणू नये. आणि त्या निरूपणात जोर छाटण्यावर नाहीच, वेलीला धरून राहण्यावर आहे. फाट्याने काही करायचे नसते, वेलीत राहायचे असते, रस आपोआप येतो. आपल्या भाषेत याला संग म्हणतात. दृष्टांताचा हा अंश गोड आहे. कात्रीचा अंश ज्याचा त्याने स्वतःपुरता, एकांतात घ्यावा. दुसऱ्याला वाटू नये.

आणखी एक वर्ष

या साऱ्या बागेत मला सर्वांत मोलाचे झाड वाटले ते अंजिराचे. एकाने द्राक्षमळ्यात अंजिराचे झाड लावले होते. तीन वर्षे तो फळ पाहायला आला, फळ नाही. तो माळ्याला म्हणाला, तोडून टाक, जागा कशाला अडवते? माळी म्हणाला, मालक, एवढे एक वर्ष राहू द्या. मी याच्याभोवती खणतो, खत घालतो. फळ आले तर बरे, नाही तर मग तोडा.

इथे कथा संपते. पुढच्या वर्षी फळ आले की नाही, ते लूकाने सांगितलेले नाही. चांगला सांगणाराच असा थांबतो. ऐकणाऱ्याला घरी जाऊन विचार करावा लागतो की ते झाड म्हणजे मी, आणि चालू असलेले वर्ष म्हणजे मागून घेतलेले वर्ष.

पण मला मोठे वाटते ते माळ्याचे बोलणे. तो झाडाची तरफदारी करतो, आणि नुसती तोंडाने नाही. फळ न देण्याचा दोष तो झाडावर ढकलत नाही, खणण्याचे आणि खताचे काम स्वतःच्या अंगावर घेतो. पेरणाऱ्याच्या दृष्टांतात जी उणीव राहिली होती ती इथे भरून निघाली. जमीन खडकाळ असेल तर खणणारा आहे.

२०१२ च्या दुष्काळात जालना-औरंगाबाद पट्ट्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या. लेकरासारखी वाढवलेली झाडे लोकांनी स्वतःच्या हाताने तोडली. काहींनी टँकरचे पाणी विकत घेऊन, बुंध्यापुरते ओले करून ती जगवायची धडपड केली. कोणाची जगली, कोणाची नाही. ज्याने एक वर्ष आणखी पाणी घातले त्याला अंजिराचा हा माळी शेजारी वाटेल.

विठाई माउली आपल्याकडे असेच करते, म्हणून तर तिला माउली म्हणतात. बाप न्याय मागतो, आई मुदत मागते. ख्रिस्ती भाविकाला या माळ्यात आपला प्रभू दिसतो. आपल्याला त्यात आपली माउली दिसली तर कोणाचे काही जात नाही.

तीन वाड्या

ग्रंथातून बाहेर येऊन मराठी ख्रिस्ती माणसांच्या बागा पाहू.

पहिली बाग रेव्हरंड नारायण वामन टिळकांची, कवितेतली. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले आणि १९१९ साली वारले. तुकोबांवर त्यांची नितांत भक्ती होती आणि ख्रिस्तापर्यंतची आपली वाट तुकोबांवरूनच गेली असे ते मानत. म्हणून तर त्यांनी ख्रिस्ताचे अभंग लिहिले. फुलांमुलांचे कवी हे त्यांचे नाव सार्थ आहे. फूल पाहून असे हरखणारे मन मराठीत थोडेच. तरी एक सांगतो. टिळकांचे फूल पाहणाऱ्याचे आहे, माळ्याचे नव्हे. त्यात दव आहे, निरागसपणा आहे, देवाची करुणा आहे. नखात गेलेली माती मात्र कमी आहे. वनवासी फुलाशी बोलताना कवी उभा असतो. सावतोबा वाकलेला असतो. हा दोष म्हणून सांगत नाही. पण बागकामातून बोध घेणाऱ्याने दोन्हींतला फरक ओळखावा.

दुसरी बाग पंडिता रमाबाईंची, केडगावची. १८८९ साली सुरू केलेल्या शारदा सदनाला परदेशातून मिळणारी मदत ठरावीक वर्षांचीच होती. संस्थेला स्वतःच्या पायावर उभे करावे म्हणून बाईंनी दौंडजवळ केडगावला जमीन घेतली, विहिरी खोदल्या, फळझाडे लावली. तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ आला. बाई मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, अनाथ मुली शेकड्यांनी घेऊन आल्या. फळबागेची ती जागा मुक्तिसदन झाली. बाईंच्या धर्मांतराबद्दल त्या काळी पुण्यात केवढे रण माजले ते सर्वांना माहीत आहे, आणि त्यावर आजही दोन मते असू शकतात. पण भुकेल्या लेकरासाठी बागेचे फाटक उघडणे याबद्दल दोन मते नसावीत. मंगळवेढ्याला दामाजीपंतांनी धान्याची कोठारे उघडली हे आपण डोळे पुसत सांगतो. मग केडगावची गोष्ट सांगताना आपला आवाज का बसावा?

तिसरी बाग वसईची. तिथले ख्रिस्ती शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या केळी, फुले, खाऊची पाने, भाजीपाला करत आले. त्यांच्या जागेला वाडी म्हणतात. त्यांचा आगेरा हा सण ऑक्टोबराच्या आरंभी येतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, तिथे त्यांना आशीर्वाद देतात आणि मग त्या घरी येतात. आपण नवान्न करतो, दारी लोंब्या बांधतो, तेच हे. पीक घरात येण्याआधी देवापुढे जावे, म्हणजे ते माझे एकट्याचे नाही हे ध्यानात राहते. याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांनी सुबोध बायबल लिहिले आणि २०२० साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. वसईच्या वाड्या आणि विहिरी सिमेंटखाली जाऊ नयेत म्हणून हरित वसईच्या चळवळीत ते पुढे उभे राहिले. एदेनच्या माणसाला दोन कामे दिली होती, मशागत आणि राखण. राखणीचा अर्थ त्यांनी असा लावला. २०२४ साली ते गेले. आपल्या भागात ओढे बुजवले जातात, बांधावरची बाभळ आणि लिंब तोडले जातात, तेव्हा आपल्यातले किती महाराज बोलतात, हे ज्याचे त्याने पाहावे.

जिथे बांध आहे तिथे बांध आहे

इतके साम्य पाहिल्यावर 'सगळे एकच आहे हो' असे म्हणून हात झटकणे सोपे असते. मला ते पटत नाही. दोन शेतांच्या मधला बांध नांगरून टाकल्याने शेजार वाढत नाही, भांडण वाढते. बांध ओळखून त्यावर बसून भाकरी खावी.

ख्रिस्ती बागेत देव माळी आहे, धनी आहे, बाग त्याने केलेली आहे. पण बाग म्हणजे देव नव्हे. झाडाला देव म्हणणे त्यांच्या शास्त्राला चालत नाही. म्हणून त्यांच्याकडे बाग हा दृष्टांत राहतो. बागेतून बोध घ्यायचा आणि बागेच्या पलीकडे जायचे. सावतोबांच्या मळ्यात असे नाही. तिथे भाजीपाला हा देवाचा दृष्टांत नव्हे, तोच विठ्ठल आहे. दार्ष्टांतिक आणि दृष्टांत एकच झाले, तिथे एकदेशीपणाचा नियमच गळून पडतो. म्हणून सावतोबांना पंढरीला जावे लागले नाही, आणि देव मळ्यात आला तेव्हा त्याला लपवायला त्यांना उराखेरीज जागा सापडली नाही, असे आपण सांगतो.

यात थोर कोण, हा प्रश्न लावू नये. पण याचा परिणाम पाहावा. झाडातच देव म्हणणाऱ्यांच्या गावात झाडे जास्त असायला हवीत. तशी ती आहेत का? एकादशीला तुळशीला पाणी घालून आपण बांधावरच्या लिंबाला कुऱ्हाड लावतो, तेव्हा आपण सावतोबांचे की कोणाचे? अद्वैत तोंडी असून उपयोग नाही. द्वैत मानणारा वसईचा शेतकरी आपली विहीर राखतो आणि अद्वैत गाणारे आपण ओढ्यात प्लास्टिक टाकतो, तर देव कोणाच्या मळ्यात येईल ते सांगायला कीर्तनकार नको.

माळी समजली

शेवटी एक प्रसंग सांगतो. योहानाच्या शुभवर्तमानात तो आहे. येशूला पुरले ती जागा बागेत होती. तिसऱ्या दिवशी पहाटे मग्दालिया मरिया तिथे आली. थडगे उघडे, देह नाही. ती रडत उभी राहिली. मागे कोणी उभा होता. तिला वाटले, हा इथला माळीच. ती त्याला म्हणाली, दादा, तू त्यांना इथून नेले असशील तर कुठे ठेवलेस ते सांग. त्याने फक्त तिचे नाव घेतले, मरिये. आणि तिने ओळखले.

ख्रिस्ती विद्वान म्हणतात, ती चुकली. मला विचाराल तर ती फारशी चुकली नाही. ज्याने सारी बाग केली त्याला तिने माळी म्हटले, यात खोटे काय? आपल्या परभणी जिल्ह्यातच गंगाखेडची जनाबाई आहे. तिच्या जात्याला दुसरा हात लागला तो कोणाचा, हे तिला रूपावरून कळले नाही, कामावरून कळले. देव आला तर मुकुट घालून येईल अशी वाट पाहणाऱ्याला तो दिसत नाही. तो माळ्याच्या, दळणाऱ्याच्या, शेणी वेचणाऱ्याच्या वेषात येतो. डोळे रडून भरलेले असताना तो ओळखू येत नाही, हेही कथेने किती खरे सांगितले आहे! आणि ओळख पटते ती चमत्काराने नाही, नावाने हाक मारल्याने. नामाचा महिमा सांगायला आपण जन्म घालवतो, आणि इथे उलट्या बाजूने तोच महिमा आहे. आपण त्याचे नाव घेतो, तसे तोही आपले नाव घेतो.

ख्रिस्ती भाविकाने बागेतून काय घ्यावे हे त्याला त्याचे धर्मगुरू सांगतील. वारकऱ्याने ही फेरी मारून काय घ्यावे ते मी माझ्या परीने सांगितले. बी उकरून पाहू नये, दुसऱ्याचे निदण उपटायला जाऊ नये, कोणाच्या जखमेला छाटणी म्हणू नये, न फळणाऱ्यासाठी एक वर्ष मागून घ्यावे आणि ते मागताना खोरे आपल्याच हातात असावे. यंदा आषाढीला निघण्याआधी प्रत्येक दिंडीने आपल्या गावच्या बांधावर पाच झाडे लावावीत आणि कार्तिकीपर्यंत ती जगली की नाही याचा हिशोब चालकाने फडावर द्यावा. मग त्या गावात सावतोबांचा अभंग म्हणायला जोर येईल.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. रामकृष्णहरी.

जिंतूर, जि. परभणी